परदेशी तिजारत आणि सलामती : कुठे जीव सांभाळावा, कुठे खिसा?

गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण कारखानदार आमची वाट पाहत उभा होता. वडिलांच्या बारा मागांवर तो ओढणी आणि स्कार्फचे कापड काढतो. जोहान्सबर्गच्या एका दुकानदाराशी त्याची मोठ्या ऑर्डरची बोलणी चालू आहेत. नमुने घेऊन समोरासमोर या, असा त्या दुकानदाराचा निरोप आहे. माग निम्मा वेळ बंद राहण्याच्या या दिवसांत अशी ऑर्डर म्हणजे अल्लाहची मेहरबानीच. पण घरात रडारड सुरू झाली होती.

"चाचा, अम्मी म्हणते आफ्रिकेत माणसे मारून टाकतात. अब्बा म्हणतात, त्यापेक्षा चीनला जा, लेस आणि बटणे आणून वीक. तुम्ही दोन्हीकडे जाऊन आलात. खरे सांगा, कुठे किती धोका आहे?"

पायरीवर उभ्या उभ्या आम्ही जे उत्तर दिले ते अर्धवट होते. हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील आमची नवी पिढी आता मुंबईच्या दलालावर विसंबून राहत नाही, स्वतः बॅग उचलून बाजार पाहायला निघते. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणून १९९६ साली पहिल्यांदा दुबईच्या मुर्शिद बाजारात कापडाचे तागे पाहत फिरलो तेव्हापासून आजपर्यंत जे पाहिले, ऐकले आणि भोगले, ते येथे सविस्तर मांडत आहोत.

धोक्याचे चार प्रकार

'अमुक देश वाईट, तमुक देश चांगला' असे सरसकट बोलणे व्यापाऱ्याला शोभत नाही. कापड पाहताना आपण धागा, विणकर, रंग आणि पन्हा वेगवेगळा तपासतो. धोक्याचेही तसेच आहे. आमच्या मते परदेशी धोके चार प्रकारचे असतात. पहिला जिवाचा : मारहाण, हत्यार दाखवून लूट. दुसरा खिशाचा : पाकीटमारी आणि गोड बोलून फसवणूक. तिसरा कायद्याचा : आपल्याकडे किरकोळ समजली जाणारी गोष्ट तिथे गुन्हा ठरणे. चौथा हिशेबाचा : देण्याघेण्याच्या वादात अडकणे. गंमत अशी की ज्या देशात पहिला धोका कमी, तिथे बहुधा तिसरा किंवा चौथा जास्त असतो. ज्याने एकाचीच धास्ती घेतली तो दुसऱ्यात सापडतो.

जोहान्सबर्ग : जिवाचा प्रश्न

त्या मुलाच्या आईची भीती निराधार नाही. आकडेच बोलके आहेत. आपल्या देशात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या एका वर्षात २७,४९४ खून झाले. आकडे जवळजवळ सारखे वाटतात. पण आपली लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आणि त्यांची सुमारे ६ कोटी! दर लाख माणसांमागे हिशेब केला तर आपल्याकडे दोन आणि तिकडे सुमारे पंचेचाळीस.

इथेच थांबलो तर कोणीही तिकडे जाणार नाही. परंतु तिथे आपल्याच रक्ताची माणसे पिढ्यान् पिढ्या तिजारत करीत आहेत. फोर्ड्सबर्ग भागातले ओरिएंटल प्लाझा हे कापड आणि तयार कपड्यांचे केंद्र भारतीय व्यापाऱ्यांच्याच दुकानांनी उभे आहे. वर्णभेदाच्या कायद्याने ज्यांची पेजव्ह्यूमधील जुनी दुकाने उठवली गेली, त्यांना १९७० च्या दशकात तिथे हलवण्यात आले. केप टाऊनमध्ये तर आमच्या कोकणातून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांची जुनी वस्ती आहे. त्यांना तिथे आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखतात. ही मंडळी रोज दुकान उघडतात, मुलांना मदरशात पाठवतात, मगरिबच्या आत शटर खाली ओढतात. त्यांचे जगण्याचे नियम आहेत. पाहुण्याने तेच नियम पाळावेत.

आकड्यांमागची दुसरी गोष्टही समजून घ्यावी. तिथले बहुतेक खून ठराविक गरीब वस्त्यांत, दारूच्या अड्ड्यांवर आणि टोळ्यांच्या भांडणांत होतात. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला खरी भीती लुटीची. ती कुठे होते हेही सर्वांना ठाऊक आहे. विमानतळावरून निघालेल्या प्रवाशाच्या मागे गाडी लावायची आणि तो हॉटेलच्या किंवा यजमानाच्या फाटकापाशी थांबला की हत्यार दाखवायचे, ही तिथली जुनी पद्धत. विमानतळावर चलन बदलताना ज्याने नोटांची जाडजूड गड्डी सर्वांसमक्ष मोजली, त्याच्यावर नजर बसते. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यावर हाच प्रसंग आला. त्याने शहाणपण केले : हात वर केले, बॅग दिली, तोंडातून शब्द काढला नाही. बॅगेत नमुने होते आणि चारशे डॉलर होते. तो जिवंत परत आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला.

आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा यजमान व्यापाऱ्याने स्वतःचा माणूस विमानतळावर पाठवला. ज्याला अशी सोय नाही त्याला विमानतळाच्या आतूनच गौट्रेन ही रेल्वे मिळते. २०१० पासून ती सँडटनपर्यंत धावते. गाडीत बसलो की काचा वर, दारे कुलूपबंद, मोबाइल आणि बॅग पायाशी. सिग्नलवर काच फोडून सीटवरची बॅग ओढून नेणे हा तिथला नित्याचा प्रकार आहे. अंधार पडल्यावर पायी फिरायचे नाही. पोलिसाच्या वेषात किंवा निळा दिवा लावलेल्या गाडीतही लुटारू असू शकतात, म्हणून निर्जन जागी थांबू नये. गाडी हळू करून उजेडाच्या, वर्दळीच्या ठिकाणी न्यावी. पोलिसांचा क्रमांक १०१११. एवढे पाळले तर जोहान्सबर्गला व्यापार होतो, आणि चांगला होतो.

इस्तंबूल, बँकॉक, पॅरिस : खिशाचा प्रश्न

इस्तंबूलच्या लालेली आणि उस्मानबे भागात घाऊक कपड्यांची दुकाने रांगेने आहेत. टॉवेल पाहायचे तर देनिज़ली आणि बुर्सा. रात्री दहा वाजताही रस्त्यावर बायकामुले दिसतात, अजान ऐकू येते, कोणी 'सलाम' म्हणते. मन सैल पडते. आमचेही पडले.

२०१४ साली लालेलीहून हॉटेलकडे पायी येत असताना पुढे चालणाऱ्या एका बूटपॉलिशवाल्याच्या पेटीतून ब्रश खाली पडला. त्याला कळले नाही असे वाटून आम्ही तो उचलून हाक मारली. त्याने छातीला हात लावून दुवा दिली आणि 'मेहरबानी म्हणून' आमचे बूट पुसायला बसला. पुसता पुसता मुलाच्या ऑपरेशनची कहाणी सुरू झाली. शेवटी आमच्या खिशातून साठ लिरा गेले. हॉटेलात आल्यावर काउंटरवरचा मुलगा हसला आणि म्हणाला, "तो ब्रश दिवसातून वीस वेळा पडतो." गेले ते पैसे थोडे होते, राग आला तो आपल्या भोळेपणाचा. चाळीस दुकानांत भाव करून आलेला माणूस एका ब्रशाला फसला! त्याच शहरात आणखी एक सापळा आहे. उत्तम कपड्यातला कोणी एकटा गृहस्थ ओळख काढतो आणि 'चला, थोडे बसू' म्हणून एखाद्या क्लबात नेतो. मग हजारो लिरांचे बिल आणि दाराशी पहिलवान. आमच्या माणसाने अशा जागी पायच ठेवू नये, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. टॅक्सीत मोठी नोट देताना तिचा आकडा मोठ्याने म्हणावा. नोट बदलून 'तुम्ही लहान नोट दिली' म्हणणारे चालक असतात. तुर्कस्तानात मदतीचा क्रमांक ११२.

बँकॉकचा प्रतूनाम बाजार आमच्या तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांना चांगला परिचित आहे. तिथे हत्यार दाखवून लुटण्यापेक्षा हसून लुटण्याची रीत जास्त. टुकटुकवाला सांगतो की राजवाडा आज बंद आहे, पण सरकारी सवलतीने माणके-नीलम विकण्याचा आज शेवटचा दिवस आहे, भारतात नेऊन दुप्पट भाव येईल. राजवाडा उघडा असतो, सरकारी सवलत नसते आणि खड्यांना इथे येऊन निम्माही भाव येत नाही. ही फसवणूक कित्येक दशके चालू आहे आणि लोभी माणूस संपलेला नाही. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

थायलंडच्या बाबतीत आता एक नवी आणि भयंकर गोष्ट जोडली गेली आहे. ती व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून मुलांना बँकॉकला बोलवायचे, तिथून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डी भागात न्यायचे आणि कोंडून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करवून घ्यायचे, असे प्रकार घडले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ च्या सप्टेंबरात याबाबत जाहीर इशारा दिला होता. २०२५ च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. ज्याच्या घरात बेकार पदवीधर मुलगा आहे त्याने हे दोनदा वाचावे. व्हिसा पर्यटनाचा आणि काम नोकरीचे, असे जिथे असेल तिथे मुलाला पाठवू नका.

युरोपबद्दल आमच्याकडे उलटी समजूत आहे : गोऱ्यांचा देश, चोरी कशी होईल? जिवाचा धोका तिथे खरोखर कमी आहे. फ्रँकफर्टला जानेवारीत घरगुती कापडाचे हाइमटेक्सटिल प्रदर्शन भरते, तिथे आमचे सोलापूरकर टॉवेलवाले जातात. तिथल्या मुख्य रेल्वेस्टेशनसमोरचा भाग नशेबाजांसाठी बदनाम आहे आणि स्वस्त हॉटेले नेमकी तिथेच. पॅरिसच्या विमानतळावरून शहरात येणारी गाडी आणि मेट्रो पाकीटमारांची आवडती जागा. सहीसाठी कागद पुढे करणारी मुलगी, रस्त्यात 'सापडलेली' सोन्याची अंगठी, मिलानला मनगटावर जबरीने दोरा बांधणारा इसम, या सगळ्यांचा हेतू एकच : तुमचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतवून ठेवणे. तिसरा माणूस मागे असतो. तिथे मारहाण होत नाही, पण पासपोर्ट गेला तर प्रदर्शन राहते बाजूला आणि वकिलातीच्या दारात दोन दिवस जातात. घरच्या मंडळींना सोबत नेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की फ्रान्समध्ये एप्रिल २०११ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास बंदी आहे आणि दंड होतो.

दुबई आणि आखात : कायद्याचा प्रश्न

दुबईत आम्ही मध्यरात्री नाइफ रोडवरून गल्ल्याची पिशवी घेऊन चालणारी माणसे पाहिली आहेत. रस्त्यावरची सलामती म्हणाल तर आम्ही पाहिलेल्या शहरांत तिचा क्रमांक पहिला. पण ही सलामती कडक कायद्यातून आलेली आहे, आणि तो कायदा पाहुण्यालाही लागू आहे.

आपल्याकडे खसखस हा मसाला आहे. अमिरातीत ती आणण्यास बंदी आहे. आपल्याकडे खोकल्याचे औषध किंवा दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. तिथे कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेले औषध आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. रागाच्या भरात देणेकऱ्याला व्हॉट्सअॅपवर शिवी लिहिली तर तोही तिथे गुन्हा. चेक न वटल्याने जेल होते, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. जानेवारी २०२२ पासून तो कायदा बराच सौम्य झाला. खात्यात पैसे नाहीत एवढ्याने आता बहुधा फौजदारी होत नाही. पण वसुलीचा हुकूम निघतो आणि देश सोडण्यास मनाई होऊ शकते. त्यामुळे 'आगाऊ चेक देऊन ठेवू, बघू पुढे' ही सवय तिथे नेऊ नये.

सर्वांत मोठा धोका दुसऱ्याच्या सामानाचा. २०१९ च्या जुलैमध्ये मुंबईचे एक नवविवाहित मुस्लिम जोडपे कतारला गेले. प्रवासाचा खर्च नात्यातल्याच बाईने केला होता आणि जाताना जर्दा म्हणून एक पाकीट सोबत दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्या पाकिटात चरस निघाला, तोही चार किलो. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती मुलगी तेव्हा गरोदर होती. तिची मुलगी तुरुंगात जन्मली. इकडे दोघांच्या घरच्यांनी धावाधाव केली, आपल्या तपास यंत्रणेने खऱ्या गुन्हेगारांचा माग काढला, आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. पावणेदोन वर्षे गेली. ती सुटली, कारण पुरावा मिळाला. प्रत्येकाला तो मिळेलच असे नाही.

आमच्या समाजात कोणी आखाताला निघाले की मोहल्ला जमतो. कोणी लोणचे देते, कोणी मुलासाठी कपडे, कोणी औषध. नेणे ही खिदमत समजली जाते आणि नाही म्हणणे म्हणजे नाते तोडणे. आम्ही स्वतः सख्ख्या मेव्हण्याचे बंद पाकीट नेण्यास नकार दिला तेव्हा तो वर्षभर आमच्याशी बोलला नाही. पण अमानत म्हणजे काय हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. अमानतीत काय आहे हे पाहण्याचा हक्क नेणाऱ्याला असतो. जो उघडून दाखवायला कचरतो त्याची वस्तू नेऊ नये, मग तो कोणीही असो.

चीन : हिशेबाचा प्रश्न

त्या मुलाच्या वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. चीनमध्ये रस्त्यावर भीती वाटत नाही. शाओशिंगजवळचे कछियाओ हे जगातले सर्वांत मोठे कापड बाजार केंद्र मानले जाते. तिथे, ग्वांगझोच्या चोंगदा बाजारात किंवा यिवूच्या लेस-बटणांच्या मंडईत पहाटे-रात्री केव्हाही फिरा, कोणी हात लावत नाही. यिवूच्या मोठ्या मशिदीत जुम्याला जगभरचे व्यापारी दिसतात. पोलिसांचा क्रमांक ११०.

पण २०११ च्या डिसेंबरात याच यिवूमध्ये दोन भारतीयांना तिथल्या पुरवठादारांनी थकलेल्या पैशासाठी डांबून ठेवले. ते ज्या कंपनीत नोकर होते तिचा मालक पैसे बुडवून पसार झाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मदतीला कोर्टात गेलेल्या आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्या गोंधळात चक्कर येऊन इस्पितळात न्यावे लागले. जानेवारी २०१२ मध्ये बीजिंगच्या भारतीय वकिलातीने आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याचा जाहीर सल्ला दिला. त्या दोघांना पुढेही दीर्घकाळ तिथे अडकून पडावे लागले.

धडा स्पष्ट आहे. चीनमध्ये पाकीटमार भेटणार नाही, पण देण्याचा वाद कोर्टात गेला तर कोर्ट तुम्हाला देश सोडण्यास मनाई करू शकते. म्हणून तिथे उधारी वाढवून ठेवू नये. दुसऱ्याच्या कंपनीत 'फक्त नावापुरता' जबाबदार म्हणून सही करू नये. मालाबद्दल वाद झाला तर तो लेखी मिटवूनच पुन्हा विमानात बसावे. हॉटेलऐवजी ओळखीच्याकडे उतरल्यास २४ तासांच्या आत पोलिसांत नोंद करावी लागते, ती चुकवू नये. दिनी किताबे स्वतःपुरतीच न्यावीत, वाटण्यासाठी नेऊ नयेत.

गल्ल्यावर बसून बुडालेली रक्कम

आता आमची स्वतःची गोष्ट, जी सांगताना अजूनही मान खाली जाते. इतक्या देशांत फिरलो. रस्त्यावर गमावले ते साठ लिरा, एक छत्री आणि एक चष्मा. पण २०१८ साली आपल्याच पेढीवर, आपल्याच गल्ल्यावर, चहाचा पेला हातात असताना आमचे अकरा हजार डॉलर गेले.

कछियाओच्या एका पुरवठादाराशी आमचा सहा वर्षांचा व्यवहार होता. माल तयार झाल्यावर ईमेल आला : आमच्या बँकेत तपासणी चालू आहे, या वेळी पैसे या नव्या खात्यात पाठवा. सोबत नेहमीचेच बिल, नेहमीचाच शिक्का. मुलाने बँकेत जाऊन पैसे पाठवले. आठ दिवसांनी पुरवठादाराचा फोन आला, पैसे कुठे आहेत? तेव्हा चष्मा लावून पाहिले तर ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळे होते. कोणीतरी महिनोन् महिने आमचा पत्रव्यवहार वाचत बसले होते. खाते तिसऱ्याच देशातले. तक्रार केली, कागद फिरले, पैसे आले नाहीत. पुरवठादार भला माणूस. त्याने निम्मा माल उधारीवर दिला म्हणून त्या ईदला आम्ही कारागिरांचे पैसे देऊ शकलो.

तेव्हापासून पेढीवर नियम आहे. खात्याचा नंबर बदलला असे कळले की जुन्या, माहितीच्या फोनवर स्वतः बोलायचे, आवाज ओळखायचा आणि मगच पैसे पाठवायचे. हा नियम पाळायला दोन मिनिटे लागतात.

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे

१. रोख रक्कम कमी न्यावी. आपल्याकडून जाताना एका फेरीत बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा नेता येतात. बाकी रक्कम बँकेच्या प्रवासी कार्डावर घ्यावी. परत येताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा किंवा नोटा धरून एकूण १०,००० डॉलरपेक्षा जास्त परकी चलन असल्यास कस्टमला जाहीर करावे. अमिरातीत ६०,००० दिरहमपेक्षा आणि युरोपीय संघात शिरताना किंवा बाहेर पडताना १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. लपवलेली रक्कम चोराने नेली तर तक्रारही करता येत नाही.

२. पैसे दोन जागी ठेवावेत. एक लहान पाकीट मागणाऱ्यास देण्यासाठी, दुसरे अंगावर कपड्याच्या आत. उमऱ्याला जाणाऱ्यांनीही एहरामच्या पट्ट्याचा खिसा पुढच्या बाजूला ठेवावा. गर्दी पाक जागेची असली तरी गर्दीत पाकीटमार असू शकतो.

३. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या दोन प्रती. एक बॅगेत, एक घरी. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय वकिलात. घाईच्या वेळी तिथे परतीपुरता तात्पुरता दाखला मिळतो. परदेशात अडकलेल्यांच्या नातेवाइकांना २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संगणकीय सेवेवर तक्रार नोंदवता येते.

४. प्रदर्शनाचे किंवा दुकानदाराचे निमंत्रणपत्र छापून जवळ ठेवावे. नाव आणि दाढी पाहून विमानतळावर चार प्रश्न जास्त विचारले जाण्याचा अनुभव आमच्या अनेकांना आहे. राग गिळून कागद पुढे करावा. कागद बोलतो तेव्हा माणसाला कमी बोलावे लागते.

५. नमाजला उभे राहताना नमुन्यांची बॅग मागे नको, सजद्याच्या जागेपुढे असावी.

६. हत्यार दिसले तर पैसे द्यावेत. माल पुन्हा विणता येतो.

शेवटी

आपल्यात काही लोक म्हणतात, मौत लिहिली असेल तिथे येणारच, मग एवढी फिकीर कशाला? त्यांना आम्ही उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्या त्या बदूची आठवण देतो. हुजूर (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितले होते. दोरी बांधणे हे आपले काम आहे.

त्या तरुणाला आम्ही शेवटी काय सांगितले? तू दोन देशांची तुलना करतोस ती चुकीच्या तराजूने, असे सांगितले. चीनमध्ये तुला जिवाची भीती नाही, पण तिथे तुझा माल विकला जाणार नाही. तू तिथे गिऱ्हाईक म्हणून जाशील. जोहान्सबर्गला भीती आहे, पण तुझ्या बारा मागांचे काम तिथे आहे. भीती आहे म्हणून जाऊ नकोस असे आम्ही म्हणणार नाही, आणि भीती नाही असे खोटेही सांगणार नाही. यजमानाला फोन कर, विमानतळावर त्याचा माणूस येईल याची खात्री कर, दिवसा पोहोचणारे विमान घे, पाच दिवसांचे काम पाच दिवसांत उरक.

परवा तो पुन्हा भेटला. तिकीट निघाले आहे. आईने जेवण सुरू केले आहे, मात्र फोन रोज रात्री आला पाहिजे ही तिची अट आहे. शेजारच्या एका खालाने तिकडच्या नातलगासाठी मसाल्याचा शिवलेला डबा दिला होता. त्याने अदबीने विचारले, "खाला, उघडून पाहू का?" त्या रागावल्या आणि डबा परत घेऊन गेल्या. मोहल्ल्यात त्याच्याविषयी बोलले जात आहे की कमावण्याआधीच पोराला गुर्मी आली.

आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. डब्यात बहुधा मसालाच असेल. पण त्याने विचारले ते योग्य केले. अल्लाह त्याला आणि परदेशी निघालेल्या आमच्या सर्व बांधवांना हलालची कमाई देवो आणि सलामतीने घरी परत आणो. आमीन.